कऱ्हाडचा र

फळ्यावर खडूनं, वळणदार अक्षरात : आज आचार्यांना सुट्टी.

*

एकशेवीस पोरांची आमटी : तूरडाळ पाच किलो, कांदा-लसूण चटणी चार मुठी. मूठ तात्याबांची.

*

सांगलीच्या एसटी स्टँडवरचा बुकस्टॉल. इंग्रजी मासिकाच्या पोटाला चिकटवलेली एक सीडी. दुकानदार आधीच सांगून टाकतो, "गाणी न्हाईत त्यात."

*

डोंगल म्हणजे काडेपेटीएवढा प्लास्टिकचा तुकडा. कॉम्प्युटरच्या पाठीला लावला तर प्रोग्राम चालतो. काढला तर प्रोग्राम विचारतो, आपण कोण?

*

कऱ्हाडनं आपल्यापुरता प्रश्न केव्हाच सोडवलाय. निम्मे लोक सरळ कराड लिहितात.

०.१

हे सगळे तुकडे एका माणसाच्या डोक्यात एकदमच फिरत होते, म्हणून इथंही ते तसेच ठेवले. माणसाचं नाव अनंत रणपिसे. साल १९९८, वय पस्तीस, नोकरी सांगलीच्या टेलिफोन खात्यात, पाळी सकाळची. दुपारी घरी आला की तो कॉम्प्युटर उघडून बसायचा. उघडून म्हणजे खरोखर उघडून. साखर कारखान्याच्या लिलावातून आणलेल्या त्या डब्याचं झाकण त्यानं कधी बसवलंच नाही. त्या झाकणावर श्रद्धा, म्हणजे त्याची बायको, सांडगे वाळवायची. पत्रा चांगला तापतो, असं तिचं मत होतं आणि आख्ख्या यंत्रात भरवशाचा भाग तेवढाच, असंही.

अनंत ज्या वसतिगृहात राहून शिकला, ते साताऱ्याचं. तिथले आचारी तात्याबा एकतीस वर्षांनी निवृत्त झाले. जुन्या विद्यार्थ्यांनी ठरवलं, सत्कार करायचा, मानपत्र द्यायचं, चाळीस पानांची स्मरणिका काढायची. मजकूर अनंताकडे आला आणि छपाई त्याच्या दोस्ताकडे, सांगलीच्या नानासोकडे.

कच्ची प्रत घेऊन साताऱ्यात बैठक झाली. अध्यक्षांनी, म्हणजे जुन्या मुख्याध्यापकांनी, मानपत्र खणखणीत आवाजात वाचायला घेतलं : "आमच्या आचार्यांना सविनय अर्पण. आचार्यांच्या हातच्या भाकर्या..." मागच्या रांगेत कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळीच रांग हसली.

तात्याबा समोरच बसले होते. ते उठले, टोपी घातली, म्हणाले, "चालू द्या तुमचं," आणि वडूजची गाडी धरून गावाकडं गेले.

हसण्याचं कारण जुनं होतं. वसतिगृहातली पोरं पाठीमागं त्यांना आचार्य म्हणायची. "आचार्य, प्रवचन कधी?" असं भाताच्या पातेल्यामागून कुणीतरी ओरडायचं. बावीस वर्षं पोरं बदलत गेली, नाव तेच राहिलं. तिसऱ्या दिवशी वडूजहून निरोप आला : पुन्ना आचार्य म्हननार असलासा तर मी यायचा न्हाई.

सत्काराला तीन आठवडे उरले होते.

०.२

"मी बरोबर टाइप केलंय," नानासो म्हणाला. "तूच बघ. र अर्धा केला, पुढं य दाबला. ह्यो गडी उडी मारून य च्या डोक्यावर बसतोय. मी काय करू?"

पडद्यावर खरंच तो गडी य च्या डोक्यावर बसला होता. नानासोचा प्रोग्राम महागाचा, लांबच्या शहरातल्या कंपनीचा, डोंगलवाला. त्यात रफार होता. खाली तिरका जाणारा र होता. पण आचाऱ्यातला, भाकऱ्यांतला, कऱ्हाडातला तो आडवा र, अर्ध्या चंद्रकोरीसारखा, तो मात्र कुठंच नव्हता.

"कऱ्हाडचा र न्हाई यात," नानासो म्हणाला. "पेननं काढू की."

"किती ठिकाणी?"

मोजलं. आचाऱ्यांचे त्रेसष्ट, भाकऱ्यांचे अठ्ठ्याऐंशी. पायऱ्या, म्हाताऱ्या, बिऱ्हाडं वेगळीच. एकूण दोनशे बारा.

"मग स्वयंपाकी लिही. विषय संपला."

"तुझ्याकडं अक्षर नाही म्हणून मी माणसाचा हुद्दा बदलू?"

"भाकऱ्यांचं काय करतोस मग? चपात्या करतोस?"

"नानासो, एकतीस वर्षं त्या माणसानं चपाती लाटली नाही. आता मी त्याच्या नावावर लावू?"

नानासोनं चहा सांगितला. त्याच्या दृष्टीनं विषय संपला होता. अनंताच्या दृष्टीनं तिथंच सुरू झाला होता.

०.३

एसटीडी बूथमधून कंपनीला केलेला फोन, अनंताला आठवला तसा :

"र तो है ना उसमें?"

"आहे. पण हा वेगळा र आहे."

"र अलग कैसे होगा, भाईसाब?"

"कऱ्हाड बोलून बघा."

"कर्‌... हाड?"

"नाही. कऱ्हाड."

"वही तो बोला मैंने."

मग पत्र पाठवलं. उत्तर आठव्या दिवशी आलं : आपली सूचना पुढील आवृत्तीसाठी नोंदवून घेतली आहे. पुढची आवृत्ती केव्हा, हे लिहिलेलं नव्हतं. पत्राच्या शेवटी कंपनीचा मराठी पत्ता होता आणि त्यातल्या दुसऱ्या मजल्याचा "दुसर्या" झाला होता. अनंताला उगीचच बरं वाटलं. स्वतःचं कुलूप त्यांनाही उघडत नव्हतं.

०.४

आता ती सीडी, पत्राच्या उत्तराची वाट बघत असतानाच घेतलेली.

सीडीवर लिनक्स होतं, म्हणजे आख्खा कॉम्प्युटर चालवणारी यंत्रणा. कुणी फिनलंडचा, कुणी अमेरिकेचा, कुणी कुठला, अशा हजारो माणसांनी मिळून केलेलं आणि फुकट. श्रद्धाला त्यातलं फुकट हेच खटकलं.

"फुकट कोण कशाला देईल?"

"तुझ्याकडं शेजारची विरजण मागते तेव्हा?"

"विरजण दिलं तरी माझं दही जात नाही."

"तेच."

"पण तिचं दही बिघडलं तर ती मला विचारायला येते. तुझ्या सीडीवाल्याला तू कुठं विचारणार?"

अनंतानं सीडी यंत्रात सरकवली. लिनक्सनं पहिल्या आठवड्यात माउस ओळखला नाही. दुसऱ्या प्रयत्नात माउस ओळखला आणि कीबोर्ड विसरलं. एक चूक झाली की यंत्र सांगायचं, तेराव्या ओळीत गडबड आहे. तेराव्या ओळीत कधीच गडबड नसायची. ती चौथ्या ओळीत असायची, पण यंत्राच्या ते तेराव्या ओळीपर्यंत लक्षात यायचं नाही. खात्यातले साहेब असेच होते, त्यामुळे अनंताला ह्याची सवय होती.

एक गोष्ट मात्र साहेबांसारखी नव्हती. इथं प्रत्येक खण उघडा होता. हे कसं चालतं असं विचारलं, तर यंत्र गप्प बसायचं, पण ज्यात लिहिलंय ती फाइल पुढं ठेवायचं. आणि त्या खणांत, अगदी तळाशी, एक देवनागरी फॉन्ट सापडला. परदेशातल्या कुणा मास्तरांनी संस्कृतसाठी केलेला. संस्कृतात आचारी नसावेत किंवा भाकऱ्या तरी नसाव्यात. तो र तिथंही नव्हता.

पण फॉन्टची कृती होती. क कसा काढायचा, ख कसा काढायचा, सगळं आकड्यांत लिहिलेलं : पेन इथं टेकव, इतकं वर ने, इकडं वळव, उचल.

अनंतानं ते दोनदा वाचलं आणि एकटाच हसायला लागला.

"काय झालं?" श्रद्धानं आतून विचारलं.

"नानासो बरोबर म्हणत होता. पेननंच काढायचंय."

"मग?"

"दोनशे बारा वेळा नाही. एकदा."

०.४१

नमुना हवा होता. कॉम्प्युटर यायच्या आधी नानासोच्या प्रेसमध्ये खिळे जुळवून छपाई व्हायची. शिशाची ती सगळी अक्षरं त्यानं भंगारात घातली होती. एक खण तेवढा उरला होता, कागद उडू नयेत म्हणून पावतीपुस्तकावर ठेवायला. अनंतानं तो टेबलावर पालथा केला. ढीगभर काने, दोन ज्ञ आणि एक कऱ्हाडचा र निघाला.

"हे घे," नानासो म्हणाला. "शिशाला जमतंय, दीड लाखाच्या प्रोग्रामला जमत न्हाई. आन् मी शिसं मोडीत घातलं."

तो खिळा शाईच्या पॅडवर दाबून अनंतानं आलेख-कागदावर उठवला, भिंगातून चौकोन मोजले आणि आकडे लिहायला घेतले.

पहिला र गांडुळासारखा आला.
दुसरा चांगला आला, पण उलटा.
तिसरा य पासून इतका लांब, की दोघांचं भांडण झाल्यासारखा.
चौथ्यानं सगळ्या पानावरचे य घालवले.
सातव्याला वीज गेली.
आठवा म्हणजे सातवाच, पुन्हा.
अकरावा श्रद्धाला दाखवला. ती म्हणाली, "विळीचं पातं." अनंतानं तो खोडला नाही. फक्त पातं जरा कमी धारेचं केलं.

सतराव्या वेळी पडद्यावर भाकऱ्या आल्या. डोक्यावर काही नाही, गळ्याला बिलगलेली बारीक कोर. मग चाळीस पानं नव्या फॉन्टात बसवली. त्यात चार दुपारी गेल्या. ह्या चार दुपारी सीडीवाल्यांनी मोजल्या नव्हत्या, त्या फुकटात धरलेल्या नव्हत्या. तरी त्याची तक्रार नव्हती.

०.५

मानपत्राचं छापील पान घेऊन तो विटा-मायणीमार्गे वडूजला गेला. तात्याबा अंगणात शेंगा निवडत होते. मनुबाईंनी, त्यांच्या मंडळींनी, पाण्याचा तांब्या ठेवला.

"तात्या, या रविवारी गाडी घेऊन येतो," अनंत म्हणाला. "आवं, मानपत्र दुरुस्त केलंय. वाचून दाखवू?"

"तू वाचू नगंस. तुझ्या तोंडात बरुबरच येनार. मनू, तू वाच."

मनुबाई दोन वर्षांपूर्वी साक्षरता वर्गात शिकल्या होत्या. तात्याबा त्या वर्गाला गेले नव्हते; वसतिगृहाची चूल कोण बघणार म्हणून. मनुबाईंची एक खोड होती : त्या छापलंय तेवढंच वाचायच्या. अंदाजानं शब्द पुरा करायची सवय त्यांना अजून लागलेली नव्हती.

हीच खरी परीक्षा, हे अनंताच्या लक्षात आलं.

मनुबाईंनी पदरानं बोट पुसलं, कागदावर ठेवलं. "आ. म. च्या." बोट सरकलं. "आ. चा..."

बोट थांबलं. तात्याबांचे हात शेंगांत थांबले.

"ह्यो कोन?" मनुबाई म्हणाल्या.

अनंतानं पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. बोलून चाललं नसतं.

"आगं, हां. पायऱ्यांवानी हाय." त्यांनी उंबऱ्याच्या पायऱ्यांकडं पाहिलं आणि पुन्हा कागदाकडं. "आ. चा. ऱ्यां. ना. आचाऱ्यांना."

"पुन्ना," तात्याबा म्हणाले.

"आमच्या आचाऱ्यांना. सवि... नय. अर्पन. आचाऱ्यांच्या हातच्या भाकऱ्या..." त्या थांबल्या. "ह्या भाकऱ्या मी करत व्हते की. सुट्टीला घरी आले की ह्ये मलाच थापाया लावायचे."

"त्ये न्हाई लिवत मानपत्रात," तात्याबा म्हणाले. मग अनंताला म्हणाले, "त्ये यंत्राचं कसं जमवलंस रं?"

अनंतानं सांगितलं. तात्याबांनी मान हलवत ऐकलं.

"म्हंजी एका कंपनीनं आमटी झाकून दिली. ह्या दुसऱ्यांनी कृती उघडी ठिवली. मीठ कमी पडलं तर घालता येतंय."

"बरोबर तेच."

"मग तू घातलेलं मीठ त्यास्नी कळवलंस का? न्हाईतर पुढच्याची आमटी पुन्ना अळणी." 

"कळवतो."

तात्याबांनी सुपातली एक शेंग फोडली, दाणे अनंताच्या हातावर ठेवले. "राग कशाचा हुता सांगू? पोरं काय, म्हनायचीच. पन पयल्यांदा फळ्यावर आचार्य कुनी लिवलं, त्ये कवा कळलंच न्हाई. ज्यानं लिवलं त्यालाबी मीच वाढलं असंल."

"व्हय," अनंत म्हणाला. "पोटभर."

१.०

पोस्टात फ्लॉपीचं पाकीट वजनकाट्यावर ठेवून कारकुनानं विचारलं, "परदेशी? आत काय?"

"एक अक्षर."

"एकच?"

"राहिलं होतं."

कारकुनानं त्याच्याकडं पाहिलं, पाकिटाकडं पाहिलं आणि शिक्का मारला.

रविवारी साताऱ्याला अध्यक्षांनी मानपत्र वाचलं. दोनशे माणसं होती. मागची रांग गप्प होती. पहिल्या ओळीला अध्यक्षांनी चष्मा नीट केला, ती कोर नीट पाहिली आणि म्हणाले, "आमच्या आचाऱ्यांना." तात्याबा मान खाली घालून ऐकत होते. मानपत्र संपेपर्यंत त्यांनी टोपी मांडीवरच ठेवली होती. मग उठून त्यांनी अध्यक्षांच्या हातून ती चौकट घेतली आणि विचारलं, "जेवायला किती हायती?"

चार महिन्यांनी पोस्टकार्ड आलं. फॉन्टवाल्या मास्तरांनी आभार मानले होते, अक्षर पुढच्या आवृत्तीत घेतलं होतं, आणि विचारलं होतं : हा र नक्की कोणत्या शब्दात लागतो? अनंतानं उत्तरात दोनच शब्द लिहिले, दुसरा कऱ्हाड.

०.०

जुलै १९७६ मध्ये रेक्टरांच्या सांगण्यावरून वसतिगृहाच्या फळ्यावर 'आज आचार्यांना सुट्टी' ही सूचना आठवीतल्या अनंत रणपिसेनं लिहिली होती. त्याला तेव्हा तो र काढता येत नव्हता.