नाराला निघालेला उलटा बुवा

मित्रांनो, माझ्या जातीत कुणी जुना होत नाही. उद्या सहल असली की आज आम्हाला बनवतात, वळचणीला टांगतात आणि सहल आटोपली की नदीत सोडून देतात. एका रात्रीचा काय तो संसार. मी मात्र इतका जुना आहे की माझ्या मानेचा दोरा कितीदा बदलला हे आता मलाही आठवत नाही. कारण ज्या सहलीसाठी मला बनवलं, ती सहल काही केल्या होतच नव्हती.

मी तेरुतेरु-बोझू. चिंधीचा, तुळतुळीत डोक्याचा बुवा. मला सुलटा टांगला तर दुसऱ्या दिवशी ऊन पडतं, उलटा टांगला तर पाऊस, असं आमच्या जपानात मानतात. आमचा चेहरा आधी कोराच ठेवतात. ऊन पडलं तर शाईने डोळे काढायचे आणि डोक्यावर साकेचे, म्हणजे तांदळाच्या दारूचे, चार थेंब शिंपडायचे, ही आमची बिदागी. खरं सांगायचं तर पाऊसपाण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. पण मानणाऱ्याच्या तोंडाला कोण लागणार?

मला बनवलं हिसानोने. डोंगरातल्या ओनो गावात तिच्या नवऱ्याचं, तोकुजीचं, तोफूचं, म्हणजे सोयाबीनच्या पनीरचं, दुकान होतं. सोयाबीनचं दूध गाळून गाळून मऊ झालेलं एक फडकं तिने घेतलं, त्यात जुना कापूस भरला आणि लाल दोऱ्याने मान आवळली. लग्नानंतरची ती पहिलीच शरद ऋतूतली सुट्टी होती आणि दोघं दोन दिवस नाराला जाणार होती.

नारा हे हिसानोचं लहानपणापासूनचं राहून गेलेलं गाव. सहावीला तिच्या शाळेची सहल नाराला गेली, तेव्हा तिला गोवर आला होता. सगळा वर्ग महाबुद्ध बघून, हरणांना बिस्किटं चारून परत आला आणि ही खिडकीशी बसून अंग खाजवत राहिली. म्हणून लग्नाच्या बोलणीत तोकुजी जेव्हा म्हणाला, "नारा ना? शाळेच्या सहलीत सगळं पालथं घातलंय मी," तेव्हाच तिने होकार दिला असावा, असं मला वाटतं.

सहलीची आखणी खाली शेगडी असलेल्या बैठ्या मेजाशी व्हायची. रेल्वेचं जाडजूड वेळापत्रक ती उघडायची आणि प्रश्न विचारायची.

"अहो, स्टेशनातून बाहेर पडलं की हरणं कुठल्या अंगाला?"

"डावीकडे. लांब जायलाच नको. उतरलं की हरणंच हरणं."

"आणि महाबुद्धाच्या देवळात तो भोकाचा खांब आहे म्हणे, त्यातून आरपार निघालं की पुण्य लागतं?"

"म्हणे काय? मी निघालोय त्यातून. सुळकन."

"केवढं आहे हो भोक?"

"असेल की, बादलीएवढं."

मी कोऱ्या चेहऱ्याने खिळ्याला लटकून ऐकायचो. त्या पहिल्या संध्याकाळी हिसानो सार्वजनिक न्हाणीघरात आंघोळीला गेली. तोफूवाल्यांना पहाटेच्या आधी उठावं लागतं, त्यामुळे आंघोळ करून लवकर झोपायचा त्यांचा रिवाज. ती गेल्यावर स्टूल सरकवल्याचा आवाज आला. सोयाबीनचा वास असलेल्या दोन हातांनी मला सोडवलं, दोरा पायाशी बांधला आणि डोकं खाली करून पुन्हा टांगलं. माझा सगळा कापूस टाळूला येऊन बसला. "माफ कर बाबा," तोकुजी पुटपुटला.

दुसऱ्या दिवशी नेमका पाऊस लागला. "काय करणार, नशीबच," असं म्हणत तोकुजीने रोजच्यासारखं सोयाबीन दळायला घेतलं. त्याचा आवाज मात्र भलताच हलका झाला होता. हिसानोने मला खाली काढलं, उलट्याचा सुलटा केला आणि खणात ठेवलं. वाऱ्याने उलटला असेल, असं तिने मनाशी म्हटलं असावं, असा मी समज करून घेतला.

मग हे दरवर्षीचंच झालं. शरद आला की ती मला धुवायची, नवा दोरा बांधायची, वेळापत्रक उघडायची. आंघोळीच्या वेळी स्टूल सरकायचं आणि मी उलटा व्हायचो. कधी पाऊस यायचा, तेव्हा काम सोपं असायचं. कधी माझ्या नाकावर टिच्चून लख्ख ऊन पडायचं. मग तोकुजीची तारांबळ उडायची. "शेजारच्या गावात कुणीतरी गेलंय, मयताच्या जेवणाला तोफू द्यायलाच हवा," असं काहीतरी तो काढायचा. इतकी माणसं त्या गावात मेली की गाव शिल्लक राहिलं कसं, याचंच मला नवल वाटे.

माझंही कौतुक झालं बरं का. शाळेच्या क्रीडादिनासाठी शेजारणीने मला एकदा उसना नेला. दिवसभर असं ऊन पडलं की मुलांच्या पाठी भाजल्या. शेजारीण खूश होऊन शाईचा कुंचला घेऊन आली. हिसानोने तिला थांबवलं. "राहू द्या वहिनी. हा आमचा नाराचा आहे. याचे डोळे नाराचं ऊन पडेल तेव्हाच." त्या दिवशी मला वाईट वाटलं. सगळ्या जगाला ऊन देऊन आपण आंधळंच राहायचं, ही काय रीत झाली?

पण आंधळा असलो तरी बहिरा नव्हतो. एक गोष्ट माझ्या ध्यानात येत होती. एका वर्षी हरणं स्टेशनच्या डावीकडे असत, दुसऱ्या वर्षी उजवीकडे. खांबाचं भोक कधी बादलीएवढं असे, कधी ताटाएवढं. हिसानो दरवेळी पहिल्यांदा विचारल्यासारखं विचारायची आणि "हो का" म्हणायची.

वर्षं गेली. मुलगी लग्न होऊन ओसाकाला गेली. लोक मोठ्या दुकानातला प्लास्टिकच्या डबीतला तोफू नेऊ लागले. सत्तरी उलटल्यावर तोकुजीने एक दिवस दळणाचं यंत्र पुसून त्यावर चादर घातली, ती कायमची. सहलीचं नावच निघेनासं झालं आणि मीही मधली पुष्कळ वर्षं खणात डांबराच्या गोळ्यांच्या वासात पडून होतो. मला वाटलं, आता मला सगळे विसरले.

शरद आला आणि खण उघडला.

"अहो, नाराला उतरायची सराई ठरवलीय. दोन दिवसांची. आता कुणी मेलं तरी तोफू तुम्हाला द्यायचा नाही."

त्या संध्याकाळी ती आंघोळीला गेली आणि स्टूल सरकलं. या वेळी तोकुजीला वर चढायलाच बराच वेळ लागला. गुडघे कुरकुरत होते. त्याने मला उलटा केला आणि दोरा बांधत असतानाच मागून दार सरकलं. हिसानो साबण विसरली होती.

"उतरा आधी," ती म्हणाली. "पडलात तर नाराऐवजी दवाखान्यात दोन दिवस."

तो उतरला. "वाऱ्याने पडायला आला होता तो. बांधत होतो."

"राहू द्या उलटाच. एवढी वर्षं तसाच टांगताय, आता सुलटा केला तर त्याला घेरी येईल."

"तुला ठाऊक होतं?"

"मग काय मांजर टांगत होतं?"

तिने साबण घेतला. दारात थांबून म्हणाली, "पाऊस आला तरी जायचं. छत्र्या काढून ठेवल्यात."

पाऊस आला. तिने मला होता तसा, उलटाच, आपल्या पिशवीला बांधला. ओनोहून फुकुई, मग क्योतो, मग नारा. गाडीत तोकुजीने डब्याला हातही लावला नाही. नाराच्या स्टेशनात उतरून आम्ही बाहेरच्या छपराखाली आलो आणि त्याची पावलं थांबली. छपरावर पाऊस वाजत होता. डावीकडे नाही, उजवीकडे नाही. हिसानोही उभी राहिली. हरणं कुठल्या अंगाला, हे तिने या वेळी विचारलं नाही.

"हिसानो," तो म्हणाला. "मी इथं कधी आलोच नाही गं. सहलीच्या वेळी बाबा अंथरुणाला खिळले होते. ते दोन्ही दिवस मी दुकानात जातं ओढत होतो. पोरं परत आल्यावर जे सांगायची, ते ऐकून पाठ केलं."

"माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"लग्नाच्या जेवणातच तुमच्या वर्गातल्या इवाओने सांगितलं. दोन पेले पोटात गेल्यावर."

"मग दरवर्षी मला विचारत कशाला होतीस?"

"दरवर्षी नवं नारा ऐकायला मिळायचं," ती म्हणाली. "आणि मला वाटायचं, या वर्षी तरी स्वतःहून सांगाल. मीही नव्हतेच की आले. दोघंही न आलेली. तेवढ्यासाठी मला एकटं का ठेवलंत?"

तोकुजीला रडू आलं. मित्रांनो, मला ते दिसलं नाही, पण नाक पुसायला त्याने पिशवी चाचपली आणि रुमाल समजून मलाच ओढलं. मग दोघांनी एका छत्रीवाल्या मुलीला वाट विचारली. हरणं चांगली दूर, चढणीवर होती. ओल्या हरणांना गोठ्यासारखा वास येतो. एकाने माझ्या फडक्याचं टोक चावूनही पाहिलं.

महाबुद्धाच्या देवळात त्या खांबाशी शाळेच्या मुलांची रांग होती. या दोघांच्या अंगाने त्या भोकातून जाणं शक्यच नव्हतं. तरी दोघं रांगेत उभी राहिली. पाळी आली तेव्हा तोकुजी एका बाजूला वाकला, हिसानो दुसऱ्या बाजूला, आणि दोघांनी खांबात हात घातले. मुलं खिदळत होती.

"अजून पुढे घाला," हिसानो म्हणाली.

"एवढाच लांब आहे हात."

"थांबा. हां. तुमचंच बोट ना हे?"

"माझंच," तो म्हणाला.

त्या संध्याकाळी सराईत हिसानोने कुंचला मागून घेतला. बाहेर पाऊस धो धो कोसळत होता. तोकुजी म्हणाला, "अगं, ऊन कुठं पडलंय?" ती म्हणाली, "पडलं की स्टेशनावर," आणि तिने मला मेजावर ठेवून डोळे काढले. साकेचे थेंब डोक्यावर पडले. तेव्हा मी पहिल्यांदा पाहिलं. दोन सुरकुतलेले चेहरे माझ्यावर वाकले होते आणि दोघांच्या नाकाला शाई लागली होती.

रिवाजाप्रमाणे दुसऱ्या दिवशी मला नदीत सोडायला हवं होतं. तोकुजीने आठवणही केली. हिसानो म्हणाली, "आत्ता कुठे डोळे आलेत त्याला. पुढच्या शरदात कानाझावा बघू दे."

"कानाझावा ना? ते तर मला..." तोकुजीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग तो म्हणाला, "ते मी पाहिलेलं नाही."

मित्रांनो, मला सुलटा टांगा किंवा उलटा, पाऊस यायचा तर येईलच. पण तुमच्या घरात कुणी न पाहिलेल्या गावाच्या गोष्टी रंगवून सांगत असेल, तर त्याला चारचौघांत खोटं पाडू नका. त्याचं बोट धरा आणि छत्री घेऊन निघा.