इंद्रभानचं बोट

चिखलीच्या रस्त्याला आमचं गाव. आमच्या क्रिकेटमध्ये अंपायर बाहेरून आणत नाहीत. जी टीम बॅटिंग करते तिचाच एक जण अंपायर म्हणून उभा राहतो, आणि आपला गडी आउट झाला की त्याला नेमकं काही दिसत नाही. ही पद्धत सगळ्यांना मान्य आहे, कारण दुसऱ्या डावात समोरच्यांनाही काही दिसत नाही.

यंदा देऊळघाटच्या टीमशी फायनल होती. आमच्या कॅप्टनने, शिवमने, अंपायर म्हणून इंद्रभानला उभं केलं. इंद्रभानने दिवाळीनंतर तुळशीची माळ घातली होती. मटण सोडलं, शिव्या सोडल्या, खोटं बोलणं सोडलं. त्यामुळे माणूस जरा कंटाळवाणाही झाला होता. पण माळकऱ्याने 'नॉट आउट' म्हटलं की देऊळघाटवाले तोंड उघडणार नाहीत, हा शिवमचा हिशेब. देवाधर्माचा असा उपयोग करण्यात आमची पोरं भलतीच हुशार.

शेवटच्या चेंडूवर जिंकायला एक धाव हवी होती; बरोबरी झाली तर आमच्या विकेट जास्त पडलेल्या, म्हणून कप देऊळघाटचा. समोर फहीम, आमच्या एसटी स्टँडवरचा पंक्चरवाला. त्याने चेंडू ढकलला आणि इंद्रभान उभा होता त्या टोकाकडे जीव तोडून पळाला. फील्डरची फेक आली. नेमकं त्याच वेळी इंद्रभानने डोळे मिटले आणि मनात म्हटलं, पांडुरंगा, एवढी एक धाव होऊ दे. डोळे उघडले तेव्हा स्टंप पडलेले, फहीमची बॅट रेघेच्या आत, आणि देऊळघाटवाले ओरडत होते. आधी बॅट पोचली की आधी स्टंप पडले, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

त्याने तेवढंच सांगायला हवं होतं. पण सगळं मैदान त्याच्या माळेकडे बघत होतं. नॉट आउट दिलं तर लोक म्हणणार, माळ घातली तरी हा आपल्याच टीमचा. इंद्रभानने बोट वर केलं.

"इंद्रभानभाऊ, मी आत होतो," फहीम म्हणाला.

बोट खाली आलं नाही.

देऊळघाटच्या पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं. सरपंचांनी शाल-नारळ दिला. पुढच्या कीर्तनात महाराजांनी त्याचा दाखला दिला, आणि इंद्रभान मान खाली घालून बसला. लोकांना तो विनयच वाटला.

इकडे शिवमने वेगळंच काढलं. फहीमचा मेहुणा देऊळघाटच्या टीममध्ये, म्हणून फहीम मुद्दाम हळू पळाला. हरण्याला काहीतरी कारण लागतं, आणि हे इतकं सोयीचं होतं की आठवड्यात सगळ्यांना पटलं. फहीमला टीममधून काढलं. मला या गोष्टीची अजून चीड येते.

इंद्रभानला ते कळलं आणि तो थेट फहीमच्या दुकानात गेला.

"फहीम, मी खोटं बोललो. माह्ये डोळे मिटलेले होते. तू आउट होता का नव्हता, मले माहीतच नाही. आता शिवमले बी सांगतो."

फहीम ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे शोधत होता.

"मले बी पहिले वाटलं होतं का मी आत होतो," तो म्हणाला. "मंग ईचार केला. तुमी आउट देल्लं, म्हंजे मीच कमी पडलो असन. घरी बी तेच सांगतलं. धोका नाही देल्ला, कमी पडलो."

"अबे, मी पाह्यलंच नाही!"

फहीमने ट्यूब बाजूला ठेवली, हात पुसले आणि इंद्रभानला बसायला स्टूल दिलं. त्याचे डोळे भरून आले होते.

"माह्या मनाले बरं वाटावं म्हणून बोलून राह्यले ना तुमी? नका बोलू, भाऊ. गळ्यात माळ हाय. माह्यासाठी खोटं काऊन बोलता?"