दीड आणि अडीच

ओट्यावर पालथ्या घातलेल्या कपाखाली पाण्याचं कडं पूर्ण गोल होतं. एरवी मी येते तेव्हा ते वाळून गेलेलं असतं, कारण दादा निदान अर्धा दिवस आधी निघून गेलेला असतो. आज कडं ओलं होतं. म्हणजे दादा घरातच होता.

तो बाबांच्या खोलीत, खुर्चीत बसल्या बसल्या पेंगत होता. दादा आगगाडीचं इंजिन चालवतो. बारा तास ड्यूटी, चोवीस तास सुट्टी. ड्यूटी संपली की इथे, म्हणजे दर दीड दिवसानं. माझ्या प्रयोगशाळेतले नमुने दर साठ तासांनी बदलावे लागतात. ते बदलून मी दर अडीच दिवसांनी येते. बाबा गणिताचे मास्तर. त्यांनी आमची नावंच पाडली आहेत, दीड आणि अडीच.

दोघं एकत्र सापडतो ते साडेसात दिवसांनी, जेमतेम तासभर. त्या तासात बाबांचं काय करायचं ते ठरवू, असं गेल्या चार भेटी चाललं होतं. चारही तास औषधं लावून ठेवण्यात गेले.

"गॅस पुन्हा चालूच राहिला होता," दादा डोळे चोळत हळूच म्हणाला. "पातेल्याचा कोळसा झालाय. तू बोल आज."

"तू मोठा आहेस."

"कसला मोठा? मी दीड, तू अडीच."

बाबा जागेच होते. "काय कुजबुज चाललीय रे?"

"काही नाही," मी म्हणाले. "आम्ही दोघं किती दिवसांनी भेटतो, ते बघत होतो."

"त्यात काय बघायचंय?" बाबा उशीला टेकून बसले. बोट पांघरुणावर चालू लागलं. "दशांश चिन्ह एक घर उजवीकडे. पंधरा आणि पंचवीस. लसावि पंच्याहत्तर." बोट थांबलं. "पंच्याहत्तर दिवस. फार होतात गं."

मी वाट पाहिली. चाळीस वर्षं प्रत्येक वर्गाला ते बजावत आले होते, चिन्ह उसनं घेतलंय, उत्तरात परत करा. ते विसरलं म्हणून दादाचा कान कितीदा पिळला गेला होता.

बाबांनी चष्मा काढला, घडी करून उशाशी ठेवला. गणित सुटलं होतं.

दादा जमिनीकडे बघत राहिला. माझी पिशवी अजून खांद्यावरच होती. ती तशीच घेऊन मी पलंगाच्या कडेला बसले.

"बाबा, हे घर आता बंद करायचं. तुम्ही माझ्याकडे राहायला येताय."