करंगळीवरचा फोन

मित्रांनो, मी एक जुना, कमरेपर्यंतचा माणूस आहे. कमरेखाली मला बनवलंच नाही. तिथे हृदय नसतं आणि रबर फुकट येत नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. छातीत स्प्रिंग, तोंडाला भोक आणि डोळे कायमचे अर्धवट मिटलेले. बेशुद्ध पडणं हा माझा धंदा. त्यात माझा हात कोणी धरणार नाही. मला हातही नाहीत.

मी अग्निशमन केंद्राच्या प्रशिक्षण खोलीत राहतो, सरावाचा पुतळा म्हणून. नवे जवान मला सतरंजीवर आडवा करतात आणि खांदे थोपटून विचारतात, "ऐकू येतंय का?" मला सगळं ऐकू येतं, पण तसं सांगता आलं असतं तर माझी नोकरी गेली असती. मग ते एका तळव्यावर दुसरा तळवा ठेवतात, कोपरं ताठ करतात आणि माझ्या छातीच्या मधोमध दाबत सुटतात. पुरेसं खोल दाबलं की आत टक् असं वाजतं. मधूनमधून तोंडाला तोंड लावून श्वास भरतात. केंद्रात आज न्याहारीला काय होतं, ते मला असं कळतं.

शिकवणाऱ्यांना सगळे मास्तर म्हणत. माणूस तिखट. कोणी हळू दाबलं की म्हणत, "मालिश करायला आलायस का? बरगडी मोडली तर जुळते, राजा. मेलेला माणूस जुळत नाही." मात्र वर्ग सुटला की ते स्वतः ओल्या फडक्याने माझं तोंड पुसत. स्वतःच्या मुलांची तोंडं त्यांनी इतक्या मायेने पुसली असतील असं वाटत नाही.

त्यांच्या आयुष्यात एकच डाग होता, आणि तो माझ्यामुळे लागला होता. धड्यात एक वाक्य असतं : "तुम्ही, निळा शर्ट, रुग्णवाहिका बोलवा." समोरच्या एकालाच बोट दाखवून सांगायचं, नाहीतर सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात. एका जुन्या तुकडीतल्या भाबड्या जवानाने हे ऐकून खरंच फोन लावला. रुग्णवाहिका आली. डॉक्टरीणबाई धापा टाकत आत शिरल्या, माझ्या कमरेवरची चादर उचलली आणि म्हणाल्या, "याचे पाय कुठायत?"

मास्तरांची गावभर शोभा झाली. तेव्हापासून नियम निघाला. मोबाइल दाराबाहेरच्या लाल बादलीत टाकून वर्गात यायचं. फोन करायचा तो हाताने. अंगठा कानाला, करंगळी तोंडाशी, आणि स्पष्ट आवाजात पत्ता. ज्याचा पत्ता स्पष्ट, त्याला मास्तर शाबासकी देत.

यंदाच्या तुकडीत सगळ्यांत स्पष्ट पत्ता एका निळ्या शर्टाचाच होता. त्याला दुसरा शर्ट नसावा. आणि सगळ्यांत जोरात दाबायची ती एक थोराड हाडाची मुलगी. तिला सगळे ताई म्हणत, वयाने मोठे होते तेसुद्धा.

एका सकाळी मास्तर माझ्यावर वाकून दाबून दाखवत होते. मध्येच थांबले, घाम पुसला आणि माझ्या अंगावर कोसळले. त्यांच्या कपाळाने माझ्या छातीत टक् वाजलं.

"बघा, पेशंट असा पडतो," निळा शर्ट कौतुकाने म्हणाला. दोघांनी टाळ्या वाजवल्या.

ताईने त्यांना उताणं केलं, खांदे थोपटले, छाती हलते का ते पाहिलं. "नाटक नाहीये रे हे. श्वास नाही." तिने मास्तरांना सतरंजीवर माझ्या शेजारी सरळ निजवलं, तळव्यावर तळवा ठेवला, आणि मान न वळवता म्हणाली, "तुम्ही, निळा शर्ट, रुग्णवाहिका बोलवा."

निळ्या शर्टाने अंगठा कानाला लावला, करंगळी तोंडाशी धरली, आणि कधी नव्हे इतका स्पष्ट पत्ता सांगितला. मग म्हणाला, "निघालेत." सगळ्यांना हायसं वाटलं.

मित्रांनो, बोलता येत नाही याचं दुःख मला त्या दिवसापर्यंत नव्हतं.

ते दाबत राहिले. एक दमला की दुसरा बसे, मध्ये खंड नाही. मास्तरांची बरगडी मोडल्याचा आवाज आला, पण कोणी कचरलं नाही. मास्तरांनी पाहिलं असतं तर त्यांची छाती फुगली असती. आता ती दुसऱ्याच्या श्वासाने फुगत होती.

"अजून कशी येईना?" ताईने विचारलं. "रुग्णालय तर पलीकडच्या रस्त्याला आहे. फोन कशावरनं केलास तू?"

निळ्या शर्टाने आपल्या हाताकडे पाहिलं. करंगळी अजून ताठच होती.

तो बादलीकडे धावला. दार उघडं होतं, म्हणून फोनवरचा पलीकडचा आवाजही मला ऐकू आला.

"अग्निशमन प्रशिक्षण? परत पुतळा का?"

"नाही हो, मास्तर आहेत."

"पाय आहेत?"

"आहेत."

"नीट बघून सांगा."

तो खरंच बघायला आत आला.

मग रुग्णवाहिका आली, आणि लगेच आली. तेच तर वाईट. डॉक्टरीणबाई त्याच होत्या. त्यांनी यंत्र लावलं, पुष्कळ खटपट केली, शेवटी हातमोजे काढले. "दाबलंत तुम्ही उत्तम," त्या म्हणाल्या. "बोलावलंत फार उशिरा." माझ्या कमरेवरची चादर काढून त्यांनी मास्तरांवर घातली. ती पायांपर्यंत पुरली नाही.

चार दिवसांनी मास्तरांची बायको त्यांची चप्पल आणि डबा न्यायला आली. ताईने सगळं सांगितलं, करंगळीसकट. बाई माझ्याकडे वळल्या. "याच्या तोंडाला तोंड लावून आयुष्य काढलं त्यांनी," त्या म्हणाल्या. "एकदा तरी उलट फुंकायचंस रे मेल्या."

फुंकायला आतून वारा लागतो.

वरिष्ठांनी चौकशी केली. प्रशिक्षणात फोन नसणं हा दोष ठरला, म्हणून फोन मंजूर झाला. तो प्लास्टिकचा आहे. बटण दाबलं की गाणं वाजतं. निळा शर्ट उत्तम गुणांनी पास झाला आणि आता तोच फोनचा धडा घेतो. माझं तोंड कोणी पुसत नाही.

मित्रांनो, मी तुम्हाला कुठे पडलेला दिसलो तर खुशाल ओलांडून जा. मी रोज पडतो आणि मला काही होत नाही. पण माझ्या शेजारी कोणी पडलं असेल, तर छाती दाबा, जोरात दाबा, आणि एकाला बोट दाखवून फोन करायला सांगा. मग त्याच्या हातात काय आहे, ते दाबता दाबता एकदा बघा.