जीनबाबांची जनुकधुलाई

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. सुजलेली मनगटं, वाकडी बोटं, पांढरे चट्टे, आणि त्यांना धरून आणलेले नातेवाईक. सगळ्यांचे डोळे मंचावरच्या जांभळ्या पडद्यावर.

"शरीर स्वतःवरच का उलटतं?" जीनबाबा माइकमध्ये गरजले. "सात पिढ्यांचा मळ जनुकांत साचतो म्हणून! कपडे धुता, भांडी धुता, जनुकं कधी धुतलीत?"

कुणीच धुतली नव्हती. लोकांनी माना खाली घातल्या.

माझ्या शेजारी वहिनी बसल्या होत्या. शिवणकामात त्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं. त्यांच्या आईचा संधिवात त्यांनाही जडला, पण गोळ्यांनी आटोक्यात होता. मग बाबा म्हणाले, गोळ्यांनी जनुकं आणखी मळतात. वहिनींनी गोळ्या फेकून दिल्या आणि काही आठवड्यांत सुई धरता येईनाशी झाली. मी समजावून थकलो, शेवटी सोबत आलो.

मंचावर एक बाई आली. बोटं मुळापासून वाकलेली. ती पडद्याआड गेली, आत घंटा वाजली, धूर निघाला आणि ती बाहेर आली. तोच चेहरा, तोच हिरवा पोशाख, बोटं मात्र सरळ! तिने टाळ्या वाजवून दाखवल्या. सभागृह दणाणलं.

"बाई बदलली म्हणाल?" बाबा हसले. "मागच्या मेळाव्यात आधीची आणि नंतरची लाळ प्रयोगशाळेत तपासून घेतली. जनुकं तंतोतंत एक! आता बोला!"

विज्ञानच साक्षीला उभं केल्यावर बोलणार काय?

गर्दीने वहिनींचा जीव घाबरा झाला. पाणी शोधत त्या मंचामागच्या खोलीत गेल्या. परतल्या नाहीत म्हणून मी मागोमाग गेलो. पाहतो तर वहिनी आणि ती वाकड्या बोटांची बाई, दोघी मिळून एका बाटलीच्या झाकणाशी झटापट करत होत्या.

"बरं झालं आलात, भावोजी. आमच्या चार हातांना हे दाद देईना."

मी झाकण उघडलं. आत वहिनींनी फेकलेल्या त्याच गोळ्या!

"तुम्ही या घेता?" वहिनींनी विचारलं.

"न घेऊन कसं चालेल? सकाळी अंथरुणातून उठवत नाही."

"मग बाहेर टाळ्या वाजवतेय ती कोण?"

बाई ओशाळली. "माझी जुळी बहीण. मी आत जाते, ती बाहेर येते. आमचं पोट आहे त्यावर."

वहिनींनी तिच्या हातांकडे पाहिलं. मग आपला सुजलेला हात त्यांनी तिच्या हातात गुंतवला. "इतक्या माणसांनी गोळ्या सोडल्यात, बाई. चला."

ती रडत रडत, पण निघाली.

मंचावर दोन सारखे चेहरे समोरासमोर आले तेव्हा बाबा चाचरत म्हणाले, "ही... ही धुतलेल्या जनुकांची सावली!"

कुणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. काही मात्र हसले नाहीत. त्यांनीही औषधं सोडली होती. बाबांनी तेवढ्यात मागचं दार गाठलं.

दुसऱ्या दिवशी दोघी बहिणींना घेऊन आम्ही डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"बाबांचा पुरावा खराच होता," त्या हसल्या. "एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास एकच असतात. त्यातून बाई एक असल्याचं सिद्ध होत नाही, इतकंच."

"मग रोग मलाच का?" मोठीने विचारलं.

"जनुकं धोका वाढवतात, निकाल लावत नाहीत. सिगारेटचा धूर, एखादा संसर्ग, पोटातले सूक्ष्मजीव यांच्यावर संशय आहे. नेमकी ठिणगी अजून कळलेली नाही. म्हणून तर तुमच्यासारख्या जुळ्यांचा अभ्यास चालतो. पुढे कदाचित सांधे सुजण्याआधीच रोग ओळखता येईल, कुणाला कोणतं औषध लागू पडेल ते आधी कळेल, शरीरावरच उलटलेल्या, बिथरलेल्या रोगप्रतिकारक पेशींनाच नेमकं शांत करता येईल."

"मलाही होईल का हो?" धाकटी हळूच म्हणाली.

"बहुधा नाही. पण खात्री देता येत नाही. सांधे दुखले तर लगेच या."

वहिनींनी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. आता त्या शिवतात, पण मधल्या काळात एका बोटाला आलेला बाक गेला नाही, जाणारही नाही.

बाबांना सगळंच माहीत होतं. डॉक्टरीणबाईंना नाही, आणि तसं सांगायला त्यांना लाज वाटली नाही. ज्याला "अजून माहीत नाही" म्हणता येतं, त्याच्याच "माहीत आहे" वर विश्वास ठेवा. आणि त्यालाही विचारा, "कशावरून?"