खरखऱ्या

मित्रांनो, मी एक जुना माईक आहे, आणि भंगारात जायला माझा साफ नकार आहे. हे आधीच सांगून टाकतो, कारण माझी खरखर ऐकली की लोकांचा हात लगेच मला फेकून द्यायला शिवशिवतो. माझ्या डोक्यावरच्या जाळीला पोचा आला आहे, बटण दोनदा दाबावं लागतं आणि मानेला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. जळगावच्या 'तापी तुफान' या बास्केटबॉल संघाचा मी माईक. खेळाडू आले नि गेले, प्रशिक्षक बदलले, मालक बदलले. मी मात्र मैदानाच्या कडेच्या त्याच टेबलावर राहिलो.

माझा जन्म दिल्लीकडच्या एका कारखान्यात झाला. माझी भावंडं कुठे कुठे गेली, ठाऊक नाही. एखादं लग्नाच्या बँडमध्ये असेल, एखादं पुढाऱ्याच्या हातात सापडलं असेल, बिचारं. मी जळगावला आलो तेव्हा संघ नुकताच उभा राहिला होता. पगारी खेळाडू होते, नवा हॉल होता, गावोगावच्या केबलवर सामना दाखवायची सोयही होती. बोलणारा माणूस तेवढा नव्हता. इंग्रजी शब्द फेकणारे दोघे-तिघे येऊन गेले, पण ऐकणाऱ्यांना काही उमगेना. तेव्हा कोणीतरी अभिमन आबांचं नाव सुचवलं.

आबा मूळचे पिंपळनेरचे. नोकरी दीपनगरच्या वीजकेंद्रात, आणि हौस यात्रेतल्या कुस्त्यांचं समालोचन करायची. बास्केटबॉल त्यांनी जन्मात पाहिला नव्हता. पहिल्याच सामन्यात आमच्या एका गड्याने समोरच्याला चकवलं, तर आबांनी कुस्तीतल्या डावाचं नाव घेऊन त्याला शाबासकी दिली. सगळा हॉल हसला. आबांनी मला तोंडाशी घट्ट धरलं नि म्हणाले, "हसा, हसा! मी आज शिकी राहिनू, तुम्हीबी शिका." त्यानंतर चेंडू जाळीतून खाली आला, की ते गरजायचे, "टोपली भरनी रे भो!" महिन्याभरात पोरंसोरं गल्लीत खेळताना तसंच ओरडू लागली.

पण आबांची खरी करामत होती ती हजेरी. सामना सुरू होण्याआधी ते हजेरी घ्यायचे, खेळाडूंची नव्हे, गावांची. "पाचोरा शे का?" असं विचारलं, की पाचोऱ्याहून आलेली माणसं उभी राहून "शे!" म्हणायची. शे म्हणजे आहे. मग पिंपळनेर, मग धुळं, मग दीपनगर. एखाद्या गावाचा आवाज बारीक आला, की आबा खडसावायचे, "काय रे, बठ्ठं गाव झोपनं का?" बठ्ठं म्हणजे सगळं. मग असा आवाज यायचा की माझी जाळी थरथरायची. घरी टीव्हीसमोर बसलेली माणसंसुद्धा "शे!" म्हणायची, असं मी ऐकून आहे.

आता माझ्या खरखरीची गोष्ट. दर खंडेनवमीला आबा मला पाटावर ठेवून माझी पूजा करायचे. पूजा कसली, आंघोळच! पाणी शिंपडायचं, जाळीवर चिमूट चिमूट हळद-कुंकू, वर अक्षता. सारी उमर वीजकेंद्रात काढलेला माणूस, आणि विजेच्या वस्तूवर पाणी! ते कुंकू जाळीतून आत उतरायचं नि तिथेच बसायचं. वर्षामागून वर्षं गेली. मला पडसं झालं ते कायमचं. लोक मला खरखऱ्या म्हणू लागले. मला राग यायचा, पण आबांचा हात इतक्या मायेचा, की त्यांना दोष देणं जिवावर यायचं.

वय झालं तसं आबांनी मला खाली ठेवलं आणि ललित आला. धुळ्याचा, चुणचुणीत, जिभेला लगाम नाही. चेंडूच्या आधी त्याचं बोलणं जाळीत पडायचं. त्याचं नाव झालं, आणि पुण्याच्या एका मोठ्या स्टुडिओने त्याला हिंदी समालोचनासाठी बोलावून घेतलं. जाताना त्याने मला साधं उचलूनही पाहिलं नाही. मी चांगलाच रुसलो. आबा मात्र म्हणाले, "जाऊ दे त्याले. त्यानं गाव सोडं, बोली थोडी सोडी!"

त्याच्या जागी रूपा आली. ती पाचोऱ्याची. महाविद्यालयाकडून खेळायची, गुडघा दुखावला नि खेळ सुटला. बाईचा आवाज हॉलला पुरणार नाही, असं बरेच जण बोलले. तिने माझं बटण दाबलं, दुसऱ्यांदा दाबलं आणि हजेरी अशी घेतली, की बोलणाऱ्यांनीही निमूट उभं राहून "शे!" म्हटलं. पुढे आबांच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि त्यांचा आवाज कायमचा गेला. तरीही प्रत्येक सामन्याला ते यायचे, रूपाच्या मागच्या खुर्चीवर बसायचे. तिचं काही चुकलं की टेबलावर टकटक करायचे.

मग संघाला नवे मालक मिळाले. सामना मोबाईलवरून देशभर जाऊ लागला. समालोचन पुण्याच्या त्या स्टुडिओतून, पडद्यावर बघून, हिंदीत. तिथे बोलणाऱ्या दोघांपैकी एक आमचाच ललित. रूपाने हॉलमध्ये फक्त खेळाडूंची नावं नि गुण सांगायचे. हजेरी बंद, कारण त्या वेळेला जाहिराती लागणार होत्या.

"रूपाताई, सामना आता देश बघतो," व्यवस्थापक भूपेंद्र म्हणाले. "हे 'शे शे' कोणाला कळणार?"

"आपण कुठले, ते तरी देशाला कळू द्या की, भाऊ."

"अंतिम सामन्यात हजेरी घेतलीत, तर तो तुमचा या टेबलावरचा शेवटचा दिवस. मग मला बोल लावायचा नाही."

अंतिम सामन्याच्या दिवशी हॉल गच्च भरला होता. रूपाचा हात मला घामाने ओला लागत होता. तिने खेळाडूंची नावं सांगितली. आता फक्त गप्प बसायचं होतं, म्हणजे नोकरी शाबूत. तिने मागे वळून आबांकडे पाहिलं. आबांनी टेबलावर टकटक केली. चूक झाली की करायचे, तशीच.

तिने बटण दाबलं. दोनदा.

"पाचोरा शे का?"

माणसं एकमेकांकडे बघू लागली. हजेरी बंद झाल्याचं सगळ्यांना माहीत होतं. मग डाव्या बाजूने आवाज फुटला, "शे!"

"पिंपळनेर शे का?"

"शे!"

भूपेंद्र धावत आले आणि त्यांनी माझी वायर खस्सकन उपटली. मी मुका झालो. रूपाने मला हळूच टेबलावर ठेवलं. तिचे डोळे भरले होते, पण ती जागची हलली नाही. संपलं सगळं, असं मला वाटलं.

तेवढ्यात अगदी वरच्या रांगेतून एका बाईने हाक दिली, "दीपनगर शे का?" आणि हॉल उठला. "शे!" मग कोणी धुळं विचारलं, कोणी शिरपूर, कोणी चोपडा. भूपेंद्र हात हलवून गप्प बसवत होते, पण एकाला बसवलं की चार उठत होते. पंच चेंडू काखेत धरून उभे होते. अखेर पाचोऱ्याच्या बाजूने विचारणा झाली, "अभिमन आबा शेतस का?"

आबा उभे राहिले. त्यांनी तोंड उघडलं, पण घशातून आवाज निघाला नाही. मग साऱ्या हॉलने त्यांच्या वतीने सांगितलं, "शेतस!"

मित्रांनो, त्या दिवशी मी पहिल्यांदाच कुचकामी ठरलो, आणि इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नव्हता.

सामना आम्ही हरलो. हरलो तर हरलो. दुसऱ्या दिवशी रूपाला काढलं आणि मला भंगाराच्या खोक्यात टाकलं. तिने मला त्यातून उचललं आणि सरळ आबांच्या घरी नेलं. तिथे तिने मोबाईलवर आबांना एक गंमत दाखवली. जाहिराती संपल्या नि हॉलमधलं "धुळं शे का?" ऐकू आलं, तेव्हा पुण्यात ललित हिंदी बोलता बोलता थांबला होता आणि साऱ्या देशासमोर म्हणाला होता, "शे!" आबांनी खुणेनेच तेवढा तुकडा पुन्हा पुन्हा लावायला सांगितला. माझाही रुसवा तिथेच गेला.

लोकांनी मात्र पिच्छा सोडला नाही. हजेरी कुठे गेली, रूपाताई कुठे आहेत, असं ते विचारतच राहिले. शेवटी भूपेंद्र स्वतः पाचोऱ्याला रूपाच्या घरी आले; तोवर मी तिच्याकडेच राहायला गेलो होतो. "हिंदी चालूच राहील," ते म्हणाले, "पण आपल्या बोलीतलं समालोचनही वेगळं दाखवू. हजेरी तुमच्याकडे. फक्त हा माईक नको, फार खरखरतो."

"पूजा करून करून खरखरायला लागला तो," रूपा म्हणाली. "साफ मी करते. पण येईन ती यालाच घेऊन."

यंदाच्या खंडेनवमीला तिने माझ्यावर कुंकू वाहिलं नाही. माझी जाळी काढली आणि कोरड्या ब्रशने आतला थर खरवडला. कागदावर लाल भुकटीचा ढीग पडला. आबा त्याच्याकडे बघत राहिले, मग बिनआवाजाचं हसले आणि त्यांनी मला हात जोडले. माझ्या शेजारी झेंडूचं एक फूल ठेवलं, एवढीच पूजा. थोडी खरखर अजून आहे. असू दे.

मित्रांनो, आबांची माया खोटी नव्हती. पण वर्षातून एकदा कुंकू वाहिल्याने माझा आवाज टिकला नाही. तो टिकला रोज कोणीतरी माझ्यातून बोललं म्हणून. जुन्या वस्तूंचं असंच असतं, आणि घरातल्या बोलीचंही. एक दिवस तिला हार घालून बाकीचे दिवस तिची लाज बाळगू नका. नव्या हंगामाचा पहिला सामना आता तोंडावर आला आहे. रूपा माझं बटण दोनदा दाबेल. तुमच्या गावाचं नाव आलं, की उठून उभे राहा. आणि कोणी पुन्हा माझी वायर उपटलीच, तर माझ्याकडे बघत बसू नका, हजेरी तुम्हीच घ्या. "शे" म्हणायला माईक लागत नाही.