आचाऱ्याची दाढ

“हाजिर!”

नाव पुकारलं गेलं आचाऱ्याचं आणि ओरडला क्लच. यात नवीन काहीच नव्हतं. पलटणीत हजेरीच्या वेळी आचारी चुलीपाशी अडकलेला असायचा आणि त्याच्या नावाला ‘हाजिर’ ठोकायचं काम ट्रक चालवतो म्हणून क्लच नाव पडलेला हा दोस्त इमानेइतबारे करायचा. त्या बदल्यात त्याच्या ताटात डावभर जास्त पडायचं.

माजी सैनिकांसाठी मोफत दातांचं शिबिर वर्षातून एकदा भरे, तेही दुसऱ्या मजल्यावर. तळमजल्याचं दालन प्रशस्त होतं, पण तिथे उद्घाटनाच्या खुर्च्या मांडलेल्या होत्या आणि खुर्च्यांना जिने चढता येत नाहीत. आचारी खुब्याचं हाड मोडून अंथरुणाला खिळलेला. दोन शिबिरं त्याची गैरहजेरी लागली. आज तिसरी लागली की नाव कायमचं कापणार आणि नावाबरोबर शिबिरातून मिळणारी कवळीही. अख्ख्या पलटणीला जेवू घातलेला माणूस हल्ली जे काही खायचा ते प्यायचाच.

क्लचचा बेत साधा होता. ओरडायचं, हजेरी लावायची आणि जिना उतरायचा. पण कारकुनाने त्याला दंडाला धरून थेट खुर्चीत बसवलं.

“बाबा, तोंड उघडा,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

हुकूम म्हटल्यावर त्याने उघडलं. सुई टोचली. ‘बाई, मी तो नव्हेच’ असं तो म्हणणार, तोवर बाई शेजारच्या खुर्चीकडे वळल्या. परत आल्या तेव्हा त्याची जीभ ओल्या पोत्यासारखी पडली होती.

“खालची उजवी दाढ. कागदावर लिहिलंय, पहिल्या तपासणीतच सडलेली निघाली होती. काढून टाकू.”

काढून? रांगेत अजून पन्नासेक तोंडं खोळंबलेली, आणि त्याच्या दातांवरचं तंबाखूचं काळं पाहून कुणालाही सगळीच बत्तिशी सडकी वाटली असती. हात वर केला असता तरी भागलं असतं. अर्ध्यापर्यंत गेलाही. मग त्याला कारकुनाच्या हातातली नावं कापायची लाल पेन्सिल दिसली आणि हात खाली आला.

कडकन आवाज झाला.

बाईंनी दाढ दिव्याखाली धरली. मुळं पांढरीस्वच्छ. बाईंचा चेहराही.

“अहो, ही तर ठणठणीत आहे! बाबा, बोलला का नाहीत?”

“दाढ माझी,” कापसाआडून क्लच बोबडला, “नाव त्याचं.”

हकीकत तुकड्यातुकड्यांनी बाहेर आली. कारकून मटकन खाली बसला.

“म्हणजे आचाऱ्याची दाढ निघालीच नाही? पण मी तर निघाली म्हणून लिहिलंय! आता तीच दाढ दुसऱ्यांदा कशी काढायची? वर काय कळवू?”

बाईंचं तिकडे लक्षच नव्हतं. त्या क्लचच्या तोंडात डोकावत होत्या.

“बाबा, डावीकडे तर एकही दाढ नाही. तुम्ही चावत होतात ते हिच्याच जोरावर?”

क्लचने मान हलवली.

“हे काय करून बसले मी!”

बाई रडकुंडीला आल्या. क्लचला त्यांची दया आली.

“बेस काढलीत हो. खरी तिकडं आहे. तीन गल्ल्या सोडून. येता?”

शिबिर आटोपल्यावर बाई आल्या, हातात पेटी घेऊन. आचाऱ्याने क्लचचा सुजलेला गाल पाहिला आणि तो कोपरावर उठायला धडपडला.

“कुणी मारलं रे तुला?”

“तू.”

बाईंनी सांगितलं. आचारी ऐकता ऐकता लाल झाला.

“गाढवा! अक्कल गहाण टाकलीस का? स्वतःची दाढ देऊन हजेरी लावतात होय?”

“सवय,” क्लच म्हणाला.

आचाऱ्याने भिंतीकडे तोंड फिरवलं. मग बाईंकडे वळला आणि कुणी न सांगता त्याने तोंड उघडलं.

काम झाल्यावर बाईंनी पेटी मिटली. “जखमा भरल्या की मापं घ्यायला इथेच येईन. दोघांची. आता कापूस दाबून ठेवा आणि अर्धा तास तोंडातून शब्द काढू नका.”

दोघे शेजारी शेजारी, उजवे गाल फुगवून गप्प राहिले. वहिनी, म्हणजे आचाऱ्याची बायको, सफरचंद घेऊन बसल्या. कापूस निघेपर्यंत तयार असावं, म्हणून अर्धं त्यांनी नवऱ्यासाठी किसलं. उरलेल्या अर्ध्याच्या भावजींसाठी नेहमीसारख्या फोडी करायला सुरी उचलली. क्लचकडे पाहिलं. सुरी खाली ठेवली आणि तेही किसायला घेतलं.